लाकूड खरवडायचं ४२ डॉलरचं हत्यार : रायफलीची नळी घरी मोकळी केली, त्याचा अनुभव

हत्याराचं वर्णन आधी करतो, कारण खोक्यातून निघालं तेव्हा बायकोला ते स्वयंपाकघरातलं काहीतरी वाटलं होतं. वीतभर लांबीची पोलादी सळई, तिच्यावर ओळीने ओवलेल्या धारदार चकत्या, दोन चकत्यांच्या मध्ये पातळ वॉशर, मागे वाकडी मूठ आणि पुढच्या टोकाला दोन बोटांनी धरायला गोळा. रायफलीच्या दस्त्यात, म्हणजे लाकडी अंगात, नळी बसायला जी अर्धगोल खाच असते, तिच्यात हे ठेवायचं आणि हलक्या हाताने ओढायचं. लाकूड खोबऱ्याच्या किसासारखं निघतं. मला ४२ डॉलरला पडलं, टपालखर्च वेगळा. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक तर पुढे थोडी तक्रार करणार आहे, शिवाय या घडणीची हत्यारं बऱ्याच जणांची मिळतात आणि सगळी एकाच आजीची नातवंडं दिसतात.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या लेथवर हात काळे करून शिकलो, आता बरीच वर्षं मिशिगनमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात टूलरूमला आहे. इथे १५ नोव्हेंबरला हरणांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो आणि ३० तारखेला संपतो. त्या पंधरवड्यात आमच्या कारखान्यात रजेचे अर्ज गणपतीतल्यासारखे पडतात. शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा जंगलात नेलं, मग एक जुनी रायफल घेतली. बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करायचा), थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची, अक्रोडाचा दस्ता, आणि नळी टोकाकडे अगदी बारीक होत गेलेली. दिसायला इतकी देखणी की घेताना नळीत डोकावून बघायचंही विसरलो. नशिबाने नळी चांगली निघाली.

दुखणं कळलं ते पाँटिॲक लेकच्या सरकारी रेंजवर. १०० यार्डांवर कागद लावला, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली. पहिल्या दोन गोळ्या एकमेकींना चिकटून. तिसरी जरा वर, उजवीकडे. चौथी आणखी वर. पाचवी आणखी. जिना चढत गेल्यासारखी भोकं. थंड होऊ दिली, परत पाच मारल्या, परत तोच जिना. टोकाच्या दोन भोकांतलं अंतर तीन इंचांच्या आसपास. हरणाला ते पुरतं, असं आजोबा म्हणाले. पण आयुष्यभर थाऊत, म्हणजे इंचाच्या हजारांशात, मापं घेतलेल्या माणसाला तीन इंच बघून झोप लागत नाही.

खिशातली एक डॉलरची नोट काढली, नळीखाली सरकवली. नोट नळी आणि लाकडाच्या मधून मागे ॲक्शनपर्यंत (बोल्ट ज्यात सरकतो आणि नळी ज्याला जोडलेली असते तो लोखंडी भाग) अडल्याशिवाय जायला हवी, ही इथली सगळ्यांत जुनी चाचणी. नोटेची जाडी साधारण चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. फट मोजायचं फुकटचं फीलर गेज. माझी नोट फोरएन्डच्या, म्हणजे दस्त्याच्या नळीखालच्या पुढच्या भागाच्या, टोकालाच अडकली.

आता हे अडकणं का वाईट, ते थोडक्यात. काडतूस उडालं की नळी थरथरते, छडी झटकल्यासारखी. ती दर वेळी सारखीच थरथरली तर गोळ्या एका जागी जातात. पण नळी लाकडाला टेकलेली असेल तर ती थरथर लाकडाच्या मर्जीवर. लाकूड पावसाळी हवेत फुगतं, हीटर लावलेल्या खोलीत आकसतं. नळी तापली की तीही हलते, आणि एका बाजूने टेकलेली असेल तर दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. माझा जिना तिथून आला होता. उपाय असा की नळी फक्त मागे ॲक्शनला धरलेली ठेवायची, पुढे कुठेही लाकडाचा स्पर्श नको. यालाच इथे फ्री-फ्लोट म्हणतात. मी मोकळी नळी म्हणतो.

मात्र टेकलेली नळी ही नेहमी चूकच असते असं नाही, हे मला फार उशिरा कळलं. एनसीसीत आम्ही ज्या थ्री-नॉट-थ्री घेऊन सावधान-विश्राम केलं, त्यांची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात असायची. त्या घराण्यातल्या काही रायफलींत फोरएन्डच्या टोकाला नळीला मुद्दाम वर दाब दिलेला असे. शिकारीच्या बऱ्याच जुन्या रायफलींतही, रेमिंग्टन ७०० सारख्या नामांकित मॉडेलमध्येसुद्धा, टोकाजवळ लाकडाचे दोन छोटे उंचवटे ठेवलेले सापडतात. बारीक नळीची थरथर दाबून धरायची, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे माझी नोट जिथे अडली ती जागा बहुधा कारखान्याने मुद्दामच ठेवलेली होती. हे मला लाकूड खरवडून झाल्यावर समजलं.

गावातल्या एका बंदूकवाल्याला विचारलं. त्याने १८० डॉलर सांगितले आणि मोसमाआधी मिळेल की नाही याची खात्री नाही, असंही सांगितलं. १८० डॉलर ऐकल्यावर माझ्यातला उद्यमनगरवाला जागा झाला. हत्यार मागवलं.

शनिवारी गॅरेजमध्ये बसलो. मॅगझिन रिकामं, बोल्ट बाहेर, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, बोट घालून बघितलं, मग पुन्हा बघितलं. खालचे दोन स्क्रू सोडले, ॲक्शन आणि नळी एका तुकड्यात वर आली. दस्ता टॉवेलमध्ये गुंडाळून व्हाइसमध्ये धरला. कुठे टेकतंय हे बघायला नळीला रंग लावून परत बसवायचं आणि लाकडावर उमटलेली खूण खरवडायची, ही डाय फिटिंगचीच रीत. माझ्याकडचा निळा रंग संपला होता. बायकोची एक वाळत आलेली लिपस्टिक मिळाली. इतकी चांगली खूण उमटते की आता निळा आणणारच नाही.

पहिल्या दहा मिनिटांत हत्याराच्या प्रेमात पडलो. सँडपेपरने हेच काम करता येतं, सॉकेट पान्याच्या लांब सॉकेटला ८० नंबरचा कागद गुंडाळून. फुकटात होतं, आणि चालतंही. पण कागद खाचेच्या वरच्या कडा गोल करतो आणि मध्ये कुठेतरी जास्त खातो. मग वरून बघितलं की नळीच्या दोन्ही बाजूंची फट नदीच्या पात्रासारखी रुंद-अरुंद दिसते. चकत्यांची ओळ लांब असल्याने उंचवट्यावरच चावते, खड्ड्यात उतरत नाही. रंध्याचं तत्त्व तेच. हात हलका ठेवला तर एका ओढीला दोन-तीन थाऊच निघतात. तात्यांचं एक वाक्य होतं, घासलेलं परत येत नाही. लाकडाच्या बाबतीत तर एपॉक्सी लावल्याशिवाय येतच नाही.

तक्रार क्रमांक एक इथली. अक्रोडाचा रेषा जिथे उलटतो तिथे चकत्या उड्या मारतात. खर्रर्र असा आवाज आणि लाकडावर आडव्या लाटा. उलट्या बाजूने ओढलं की थांबतं, पण पुढचा गोळा धरून ढकलताना जोर लागत नाही. दुसरी तक्रार मुठीची. मूठ सळईवर एका बारीक ग्रब स्क्रूने धरलेली आहे आणि तो अर्ध्या तासात ढिला होतो. मूठ फिरली की चकत्या तिरक्या चालतात. माझ्या डाव्या बाजूची फट उजवीपेक्षा जवळजवळ मिलिमीटरभर जास्त झाली ती यामुळेच. दिसते. रायफल हातात घेतल्यावर माझी नजर अजूनही आधी तिथेच जाते. स्क्रूला थ्रेडलॉकरचा एक थेंब लावल्यावर पुन्हा हलला नाही. कारखान्यातच लावला असता तर किती खर्च आला असता?

आणि नळी निमुळती, हत्यार एका मापाचं. टोकाकडे काम सुरेख होतं, चेंबरच्या बाजूला नळी जाड होते तिथे हे पुरत नाही. दोन मापांचा संच घेतला असता तर बरं, किंवा मग तिथे सॉकेट आणि कागद. मी कागद वापरला.

आता नोटेची गोष्ट. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी कामावरून आल्यावर परत बसलो. नोट टोकाकडून आत जाते, चार बोटं सरकते आणि अडते. लिपस्टिक लावली, खूण नाही. तरी खरवडलं. परत बसवलं, परत नोट अडली, त्याच जागी. असं तीन संध्याकाळी. खाच खोल होत चालली, नोट काही पुढे सरकेना. शेवटी टॉर्च लावून आत वाकून बघितलं तर खाचेच्या तळाशी पितळेसारखं काहीतरी चमकलं. पट्टा अडकवायची जी कडी फोरएन्डच्या खाली असते, तिचा स्क्रू लाकडातून आरपार वर येतो आणि खाचेत एका नटाने आवळलेला असतो. मूळ कारखान्याने तो नट लाकडाच्या पातळीखाली बुडवलेला होता. मी भोवतालचं लाकूड खरवडत नेलं आणि नट तिथल्या तिथे उघडा पडला, पुढे पुढे नळीला भिडायला लागला. तीन दिवस मी लाकडाशी भांडत होतो आणि अडवत होता धातूचा तुकडा. चकत्यांवर दोन ठिकाणी बारीक खांडे पडलेत, ते या नटाचे. स्क्रू काढून दोन मिलिमीटर कापला, नटाची बैठक पटाशीने खोल केली. नोट सरळ मागे गेली. मग दुहेरी घडी घालून घातली, तीही गेली.

हत्याराबरोबर जे पत्रक येतं त्यात या नटाचा उल्लेख नाही. अर्ध्या पानाचं पत्रक, त्यातली अर्धी जागा इतर उत्पादनांच्या जाहिरातीला.

मग रेंज. छाती फुगवून गेलो होतो. जिना नाहीसा झाला, हे खरं. पण गोळ्या आता कुठेही जात होत्या. वर, खाली, डावीकडे, मूठभर तांदूळ फेकल्यासारख्या. साडेतीन इंच. म्हणजे ४२ डॉलर आणि चार संध्याकाळी घालवून मी रायफल बिघडवून आणली होती. शेजारचे आजोबा माझ्या कागदाकडे बघून काही बोलले नाहीत, फक्त थर्मासमधली कॉफी पुढे केली.

घरी आल्यावर मात्र टूलरूमची अक्कल वापरली, जी आधी वापरायला हवी होती. डायल गेज घेतलं, चुंबकाचा पाय नळीवर बसवला, सुई फोरएन्डच्या टोकाला टेकवली आणि पुढचा स्क्रू हळूहळू सोडला. सुई बारा थाऊ हलली. चांगल्या बसवलेल्या ॲक्शनमध्ये ती एक-दोन थाऊच्या वर जाऊ नये. म्हणजे माझी ॲक्शन लाकडात बसलेलीच नव्हती, तिरक्या पाटावर बसल्यासारखी अधांतरी होती, आणि स्क्रू आवळला की वाकून खाली येत होती. इतकी वर्षं पुढचा उंचवटा नळीला खालून रेटून ते सगळं कसंबसं ताणात धरत होता. मी तो टेकू काढला आणि मागचा खिळखिळेपणा उघडा पडला. मोकळी नळी ही अर्धीच दुरुस्ती. उरलेली अर्धी म्हणजे ॲक्शनची बैठक, इथे जिला बेडिंग म्हणतात ती.

ते काम ब्राउनेल्स कंपनीच्या ॲक्राग्लास जेल या एपॉक्सीने केलं आणि त्याबद्दल मात्र नाव घेऊन चांगलं लिहितो. दोन भाग समसमान मिसळायचे, त्यामुळे वजनकाट्याची भानगड नाही. लोण्यासारखं घट्ट, उभ्या कडेवरून ओघळत नाही. ॲक्शनचा पुढचा भाग, धक्का झेलणारा रिकॉइल लग, मागचा भाग इथलं लाकूड थोडं कोरून काढलं, जेल भरलं, ॲक्शन वर बसवली. नळीला टोकाजवळ इलेक्ट्रिकच्या टेपचे वेढे दिले म्हणजे ती खाचेच्या मधोमध राहते. नळी फार बारीक असल्याने चेंबरच्या खालचा दीड इंच भागही जेलमध्ये घेतला, बाकी पूर्ण मोकळी. धोका एकच, चिकटून बसण्याचा. जिथे जिथे जेल लागणार तिथल्या लोखंडाला रिलीज एजंट, आणि ॲक्शनच्या प्रत्येक भोकात, खोबणीत पोराच्या खेळण्यातली माती दाबून भरली. एक जरी खोबण उघडी राहिली तर जेल आत शिरून खिट्टी लागल्यासारखं घट्ट होतं आणि मग करवतीशिवाय रायफल सुटत नाही. त्या रात्री मी दोनदा उठून गॅरेजमध्ये जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी स्क्रू काढले, रबरी हातोड्याने नळीखाली दोन टिचक्या मारल्या आणि टक् असा कोरडा आवाज होऊन ॲक्शन सुटली. तो आवाज लग्नातल्या अंतरपाटासारखा सुखाचा.

डायल परत लावलं. दीड थाऊ.

पुढच्या रविवारी पाच-पाच गोळ्यांचे पाच कागद मारले, दर वेळी नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून. सरासरी १.३ इंच. सगळ्यांत वाईट कागद १.७. एका कागदावर तीन गोळ्या पाऊण इंचात होत्या, पण तीन गोळ्यांचा कागद दाखवून मित्रांना जळवता येतं, त्याने रायफलीबद्दल फारसं कळत नाही. नेमबाजांचं नेहमीचं माप म्हणजे एका मिनिटाचा कोन, अंशाचा साठावा भाग; १०० यार्डांवर तो १.०४७ इंच भरतो. पन्नास वर्षांची रायफल, दुकानातली साधी काडतुसं आणि माझे डोळे हे बघता मला आणखी नको.

हे हत्यार घ्यायचा विचार असेल तर खरवडायच्या आधी एक करा, जे मी केलं नाही. ॲक्शन सोडा, ॲक्शनखाली, पुढच्या स्क्रूजवळ, जुन्या प्लास्टिक कार्डाचा छोटा तुकडा कापून ठेवा, स्क्रू परत आवळा. ॲक्शन थोडी वर येते, नळी तात्पुरती मोकळी होते. नोट फिरवून बघा आणि दहा गोळ्या मारून या. ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा पुंजका, सुधारला तर लाकडाला हात लावा. बिघडला तर तुमच्या रायफलीला तो दाब हवा आहे किंवा बैठक खिळखिळी आहे, दोन्हीत हे हत्यार एकट्याने उपयोगाचं नाही. त्याच्याही आधी स्कोपचे, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीचे, स्क्रू तपासा. आमच्या कारखान्यातल्या एकाने दस्ता खरवडून घेतला आणि मग कळलं की स्कोपची मागची रिंग हाताने फिरत होती.

आणि उघडं पडलेलं लाकूड तसंच सोडू नका. मी दोन हात पॉलियुरेथेन दिलं. मिशिगनच्या जुलैत कच्चं लाकूड असं फुगतं की महिन्यात फट निम्मी होईल. प्लास्टिकचा दस्ता असेल तर फुगण्याचा प्रश्न नाही, पण स्वस्तातले फोरएन्ड इतके लवचीक असतात की टेबलावर नोट जाते आणि बायपॉडवर, म्हणजे पुढच्या दोन पायांच्या टेकूवर, भार टाकला की नळी टेकते. फोरएन्ड हाताने दाबून धरून नोट फिरवा.

देशातल्या वाचकांसाठी एक वाक्य. तिकडे शस्त्र कायदा १९५९ चा आहे, परवान्याच्या बंदुकीचं असलं काम परवानाधारक बंदूकवाल्याकडेच न्यायचं, गॅरेजमधले उद्योग नकोत. मोकळ्या नळीचं महत्त्व तिकडे कोणाला समजावून सांगायला नको म्हणा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. त्या स्पर्धेतल्या रायफलींचे फोटो मोठे करून बघा. नळी मागे ॲक्शनमध्ये घट्ट, पुढे दांडीसारखी एकटी. चुलतभावाने विचारलं, खाली लाकूड का नाही, पडणार नाही का? त्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं, आणि तरी नटाशी तीन दिवस काढले.

पाचपैकी साडेतीन. चकत्यांची धार आणि लांबी उत्तम, मूठ सुमार, पत्रक शून्य. एकच रायफल करायची असेल तर सॉकेट आणि कागदावर भागवा. दोन-तीन करायच्या असतील, किंवा खाचेची कड सरळ दिसली नाही तर जेवण जात नसेल, तर घ्या. माप निवडताना नळीच्या टोकाचा व्यास नका धरू, फोरएन्ड जिथे संपतो तिथला कॅलिपरने मोजा आणि त्याच्या एक पायरी वरचं मागवा.

परवा आजोबा ते हत्यार मागायला आले. त्यांच्या वडिलांची रायफल आहे, तिची नोट अडते म्हणाले. दिलं. आणि बरोबर टॉर्चही दिला.